तीन उलटी फुलं
पर्वत पाटियाजवळ फ्लॅट घेतला तेव्हा मला गॅसचा पाइप डोळ्यांसमोर नको होता. नव्या स्वयंपाकघरात भिंतीवरून नळी गेलेली, हे काय दिसणं झालं? मी तो टाइल्सखाली गाडून घेतला. काम करणारा मिस्त्री लिंबायतचा, मूळचा खान्देशी. काम झाल्यावर पाहतो तर टाइल्सवरच्या निळ्या फुलांच्या ओळीत तीन फुलं उलटी, देठ वर. माझं डोकंच फिरलं. बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर त्याला नको नको ते बोललो.

"भाऊ, तो पाइप..." एवढंच तो म्हणाला.

"पाइपचं मला शिकवू नकोस," म्हणत मी त्याला घालवून दिलं. मधलं, सगळ्यात नजरेत येणारं फूल दुसऱ्या माणसाकडून सरळ करून घेतलं. उरलेली दोन डब्यांमागे झाकली गेली आणि मी ती विसरलोही.

गेल्या वर्षी पाण्याचा फिल्टर बसवायचा होता. ड्रिल घेऊन आलेल्या माणसाने गुजरातीत विचारलं, "गॅसनी लाइन क्यांथी जाय छे?" पाइप कुठून गेलाय ते मला कुठे आठवत होतं? पण तसं कबूल करायला जीभ रेटेना. माठ घेताना वाजवतात तशी भिंत वाजवून पाहिली आणि रुबाबात म्हणालो, "अहियां कशुं नथी, काही नाही इथे. करा भोक."

ड्रिल आत गेलं आणि भिंतीतून फुस्स आवाज आला. बायको बाजूलाच कणीक मळत होती. शेगडी पेटवायची बाकी होती, म्हणून वाचलो. मी गॅलरीत धावलो, गॅसच्या मीटरजवळचा कॉक बंद केला.

वास गेल्यावर बायकोने डबे हलवले. एक उलटं फूल मीटरकडच्या टोकाला, एक शेगडीमागे. तिने पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट नेलं. ते बरोबर भोकावरून गेलं. मिस्त्रीने पाइपची खूण ठेवली होती, आणि भोक मी सरळ करून घेतलेल्या टाइलला पडलं होतं. तिने कणीक पुन्हा मळायला घेतली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

दोन रविवार लिंबायतच्या गल्ल्या पालथ्या घातल्या तेव्हा मिस्त्री सापडला. सगळं सांगितलं, माफी मागितली. शरमेने मान वर होत नव्हती. आता हा चारचौघांत माझी खरडपट्टी काढेल असं वाटलं, आणि मला ती हवीच होती.

त्याने एवढंच विचारलं, "कोनले लागनं तं नही ना, भाऊ?"