टाकीखालचे निळे पंजे

बेबीनंदा घरं रंगवून पोट भरते. हसनाबादेत सगळे तिच्या तोंडाला भितात. मला ती त्याचसाठी आवडते. बंधाऱ्यावर गावाचा सामाईक सोलरपंप बसवायचा की नाही, हे ग्रामसभेत ठरायचं होतं. त्याआधीची भाषणं ऐकून लोक जांभया देत होते. बेबीनंदानं सरळ पाण्याच्या टाकीखालची भिंत धरली आणि तिच्यावर भलीमोठी सोलरची प्लेट काढायला घेतली. प्लेटचा एकेक चौकोन म्हणजे एकेका घरच्या बाईचा निळा पंजा. लग्नघरी दाराशी हळदीचे उमटवतात ना, तसाच. बायकांची रीघ लागली. पंजा उमटला की त्या घरचं मत पंपाकडं फिरलंच म्हणून समजा.

भुजंगला ते झोंबलं. बंधाऱ्यावर पाणी उपसायला त्याची डिझेल इंजिनं भाड्यानं चालतात. भर दुपारी तो लोखंडी गज घेऊन आला.

"पूस ते."

"तुझ्या बापाची भिंत हाय का रे?"

त्यानं तिच्या उजव्या मनगटावर गज हाणला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला. ती कोसळली, तशी पोटात लाथ घातली, केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. निळ्यावरून लाल ओघळलं. मी ओरडत धावले. समोरच्या पारावरचे पुरुष? बसलेले. एकानं तोंडातली तंबाखूसुद्धा थुंकली नाही.

मग भुजंगनं भिंत फोडायला कुदळ उचलली. तेवढ्यात त्याची आई उषाबाई आडवी आली. एका पंजावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माझा हाय. घाल घाव."

"सरक, माय!"

तिला ढकलून त्यानं घाव घातला. पंजा गिलाव्यासकट खाली आला, भिंतीला भगदाड पडलं.

आणि अख्खा पार उठला! आईचा पंजा फोडला म्हणून. दगड, काठ्या, चपला. भुजंगचा जबडा निखळला, त्याचं एक इंजिन बंधाऱ्यात गेलं. बाई मोडत होती तेव्हा मांडीवर पडलेले हेच हात.

ग्रामसभेत पंप मंजूर झाला. उद्घाटनाला साहेब लोक येणार, म्हणून सरपंच काकासाहेब तिच्या दारात गेले.

"बेबे, तेवढं भगदाड बुजव. डाव्या हातानं जमंल की."

तिनं प्लास्टरातला हात पुढं केला.

"आदी ह्ये बुजवा. मनगट मोडलं तव्हा तुमी पारावरच व्हते ना, काका?"

काकासाहेब चपला घालून निघाले.

पंप चालू आहे. भगदाड तसंच आहे. बेबीनंदाच्या उजव्या हातात अजून ब्रश टिकत नाही.