हाताचा दोष

गिअरबॉक्सची तक्रार असेल तर मिस्त्रीकडे जायचं, हे त्या रस्त्यावर कुणाला सांगावं लागत नसे. टायरवाला, वेल्डिंगवाला, बॅटरीवाला, सगळे एका रांगेत बसलेले, पण गिअरचं नाव निघालं की तिघंही हातातलं काम न सोडता रांगेच्या टोकाकडे हनुवटी उडवायचे. टोकाला निळ्या शटरचं गॅरेज. आत दोन खड्डे, एक लाकडी बाकडं, भिंतीवर मापाने टांगलेले पाने, आणि या सगळ्याच्या मधोमध अंगाने आडवातिडवा, सहा फुटी, अठ्ठावन्न वर्षांचा मिस्त्री.

त्याची तपासायची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत तो हात वर करायचा. 'तुम्ही नका सांगू, गाडी सांगेल.' मग ड्रायव्हरची सीट खाडकन मागे सरकवायची, आत बसायचं, बुटाची टाच एकदा जमिनीवर खरडायची आणि इंजिन बंद ठेवून डोळे मिटून सगळे गिअर टाकून बघायचे. मग इंजिन चालू करून पाण्याच्या टाकीपर्यंत एक फेरी. परत आला की निकाल. निकाल तीनच प्रकारचे असत: पेटीचा दोष, क्लचचा दोष, नाहीतर हाताचा दोष. पेटी म्हणजे गिअरबॉक्स. आणि हाताचा दोष म्हणजे गाडी चांगली आहे, चालवणाऱ्याला अक्कल नाही. हा तिसरा निकाल कामाच्या कार्डावर लिहिला गेला की ड्रायव्हर मंडळींच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण मालक लोक ते कार्ड जपून ठेवत. मिस्त्रीने लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एवढा दरारा बाहेर. घरात मात्र त्याची बायको त्याला न्यूट्रल म्हणायची. तिचं आणि सासूचं कितीही वाजलं तरी हा आपला मधे उभा, ना इकडे ना तिकडे. 'इंजिन चालू आहे, आवाज येतोय, पण गाडी हलेल तर शपथ,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि तोही हसायचा.

त्याची एक खास खूणही होती. पेटीचं काम पुरं झालं की तो खडी मशीनच्या जुन्या रबरी पट्ट्यातून एक पायपट्टी कापायचा आणि ड्रायव्हरच्या पायाखाली अंथरायचा. पट्टा बोटभर जाड, झिजता झिजत नाही. धारदार सुरीने, आपल्या हाताने, कडा गोल करून. 'आमच्याकडून भेट,' असं म्हणायचा. रस्त्यात कुठल्याही गाडीचं दार उघडलं आणि आत ती काळी पट्टी दिसली की समजावं, पेटी मिस्त्रीने बांधली आहे. याचा त्याला कोण अभिमान!

आता त्याची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी, चौतीस वर्षांची, उंची जेमतेम पाच फूट, म्हणून मामाने लहानपणीच नाव ठेवलं चिमणी. ही चिमणी फरशीवाल्याची मोठी डिझेल पिकअप चालवायची. मागे फरशांचा ढीग, त्यामागे कधीकधी ट्रेलर, आणि पुढे पाठीशी गादी लावून, सीट पार पुढे ओढून बसलेली ही. बांधकामांवरचे गवंडी पहिल्यांदा बघायचे आणि ड्रायव्हर कुठाय म्हणून विचारायचे. आठ वर्षं झाली, एक फरशी फुटली नाही. शिकवलं कुणी? मामानेच, याच रस्त्यावर, पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या मारून. मामावर तिचा एवढा जीव, की साऱ्या भाचरांत मामाला अरेतुरे करायची ती एकटी. 'मामा, तू गप्प बस, तुला काही कळत नाही,' हे ती चारचौघांत म्हणायची, आणि मिस्त्री, ज्याच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती, तो ते ऐकून फुलायचा.

तर झालं असं, की त्या पिकअपचा दुसरा गिअर चढावर आपोआप सुटायला लागला. चिमणीने स्वतःच ओळखलं, पेटीचा दोष. मिस्त्रीने पेटी उतरवली, गिअर जुळवणाऱ्या झिजलेल्या पितळी रिंगा बदलल्या, नवं तेल भरलं, पट्टी अंथरली आणि गाडी दिली. दुसऱ्याच दिवशी फरशीवाला गाडी घेऊन हजर. गाडी उभी असताना पहिला टाकला की कर्रर्र. रिव्हर्स टाकला की कर्रर्र. आणि गंमत अशी, की सुट्टीच्या दिवशी हीच गाडी चालवणारा लंब्या नावाचा बदली ड्रायव्हर म्हणत होता, मला तर कधी आवाज आला नाही.

मिस्त्रीने हात वर केला. चिमणीची गादी काढून बाकड्यावर टाकली, सीट मागे ढकलली, टाच खरडली, फेरी मारली. गिअर लोण्यासारखे पडत होते. तो खाली उतरला तेव्हा बाहेर फरशीवाला, लंब्या, टायरवाला आणि चिमणी उभी होती. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर त्याचं काम फसलं होतं, नाहीतर भाची चुकत होती. आणि आपलं काम फसू शकतं हा विचार त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. त्याने कार्ड घेतलं, लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. 'गाडी ठणठणीत. हाताचा दोष.'

चिमणीने बाकड्यावरची गादी उचलली, झटकली आणि म्हणाली, 'चावी द्या, मिस्त्री.'

द्या म्हणाली. मिस्त्री म्हणाली. टायरवाल्याच्या ते लक्षातही आलं नसेल, पण मामाच्या छातीत बसलं ते.

पुढचे पाच आठवडे तो बहिणीकडे गेला की भाची उठून पाणी द्यायची, 'बरे आहात ना' विचारायची आणि आत निघून जायची. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं अहोजाहो. मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणायचा, खरं बोललो त्याचा राग कशाला धरायचा? बायको भाकरी भाजत असो की भांडी लावत असो, एवढंच म्हणायची, 'धरू दे की. तुमचं काय जातंय?' जात तर होतं. जेवण जात नव्हतं, हे तीही बघत होती.

सहाव्या आठवड्यात गाडी टोचन लावून आली. नव्या रिंगांचे दात बोथट, तेलात पितळेचा चुरा. फरशीवाला वाईट माणूस नव्हता, पण वैतागला होता. 'मिस्त्री, तुमचं कार्ड माझ्या टेबलावर आहे,' तो म्हणाला. 'तुम्ही सांगितलं तेव्हाच ऐकायला हवं होतं. गाडी तयार झाली की सोमवारपासून लंब्या चालवेल. तिला गोदामात बसवतो, फरशा मोजायला. तुमचीच भाची आहे, काढून टाकत नाही.' आणि उपकार केल्यासारखा निघून गेला.

मिस्त्रीने पेटी बांधली. चार दिवस लागले. पट्टी मळली होती म्हणून नवी कापली, तीही अंथरली. शनिवारी सकाळी जेवणाचा डबा घेऊन बायको आली तेव्हा तो बाकड्यावर बसून बोथट रिंग बोटांत फिरवत होता.

'क्लच पुरता न दाबता गिअर टाकला की असे दात जातात,' तो म्हणाला. 'अर्धाच दाबते ती. शंकाच नाही.'

'अर्धा दाबताना बघितलंत?'

'बघायला कशाला पाहिजे?'

'आठ वर्षं पुरता दाबत होती, आणि तुम्ही पेटी बांधल्यावर अर्धा दाबायला लागली?' बायकोने डबा खाली ठेवला. 'तुम्ही तिच्या शेजारी बसलात का कधी? शिकवलंत तेव्हा बसला होतात. त्यानंतर?'

मिस्त्रीने रिंग बाकड्यावर ठेवली. इतक्या वर्षांत त्याने हजारो गाड्या तपासल्या, पण प्रत्येक वेळी स्वतः चालवून. चालवणाऱ्याच्या शेजारी तो बसलाच नव्हता. आणि घरातला तो न्यूट्रल माणूस उठला, हात पुसले आणि बहिणीच्या घरी फोन लावला.

चिमणी आली, पण चेहरा कोरा. गादी आणली होती बगलेत. 'काय काम होतं?' तिने विचारलं.

'गाडी चालव. मी शेजारी बसतो.'

'कशाला? कार्डावर लिहून झालंय ना तुमचं.'

'चालव तरी.'

तिने सीट पुढे ओढली, गादी पाठीशी लावली, आणि इंजिन चालू करायच्या आधी त्याच्याकडे न बघता बोलायला लागली. आवाज शांत होता, पण सहा आठवड्यांचं साठलेलं होतं त्यात. 'इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. चालू केलं की अडतात. याचा अर्थ दोष पेटीत नाही, क्लच सुटत नाहीये. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मी त्या दिवशी हेच सांगणार होते. तुम्ही हात वर केलात.'

 तिचं बरोबर होतं, अक्षर न अक्षर बरोबर होतं.

तिने इंजिन चालू केलं, पायाने क्लच दाबला आणि पहिला टाकला. कर्रर्र. त्याच्या दाढा शिवशिवल्या. 'परत,' तो म्हणाला. परत तेच. ती पाय दाबत होती, सगळा जोर लावून दाबत होती, गुडघा थरथरत होता. पोरीच्या पायात कसर नव्हती. मग क्लच सुटत का नाही?

तो खाली उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूचं दार उघडलं आणि एवढा थोरला माणूस जमिनीवर गुडघे टेकून बसला. समोरून टायरवाला बघत होता, बघू दे. 'दाब,' तो म्हणाला. पेडल खाली गेलं, जात राहिलं आणि दोन बोटं वरच थांबलं. खाली काय होतं? पट्टी. बोटभर जाड, गोल कडेची, आपल्या हाताने कापलेली. चिमणी सीट पुढे ओढून बसायची, तिच्या टाचा पट्टीच्या पुढच्या भागावर यायच्या आणि ती बसली रे बसली की पट्टी पुढे सरकून पेडलखाली गोळा होऊन बसायची. लंब्याच्या टाचा मागे, त्यांच्याखाली पट्टी मागेच ओढली जायची, त्याला काय कळणार? आणि मिस्त्री स्वतः तर बसताक्षणी बुटाची टाच खरडायचा. म्हणजे पुरावा तो दर वेळी आपल्याच पायाने मागे सारत होता.

त्याने हात घालून पट्टी ओढून काढली. 'आता दाब.'

पेडल तळाला टेकलं. तिने पहिला टाकला. आवाज नाही. रिव्हर्स टाकला. आवाज नाही. तिने चार वेळा टाकून बघितला आणि मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. डोळे भरले होते तिचे, पण पुसले नाहीत.

दुसरा कुणी असता तर हळूच पट्टी टाकून दिली असती, क्लचचं तेल बदललं म्हणून सांगितलं असतं आणि मोकळा झाला असता. मिस्त्रीच्याही मनात ते येऊन गेलंच, माणूसच आहे. पण तो पट्टी हातात घेऊन उठला आणि म्हणाला, 'चल, मालकाकडे. तूच चालव.'

फरशीवाल्याच्या दुकानात लंब्या होता, चार हमाल होते, फरशा बघायला आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपंही होतं. मिस्त्रीने पट्टी आणि गाडीची चावी टेबलावर ठेवली आणि जुनं कार्ड मागून घेतलं. जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग खिशातलं पेन काढून त्याच कार्डावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, आधी वाचलं होतं त्याहून मोठ्याने. 'हाताचा दोष. हात मिस्त्रीचा.' खाली सही केली.

'सोमवारी गाडी कोण चालवणार?' त्याने विचारलं.

फरशीवाल्याने कार्ड वाचलं, पट्टीची जाडी बोटाने मोजली आणि लंब्याकडे बघितलं. लंब्या म्हणाला, 'माझ्याकडे काय बघता? तिची गाडी आहे.' त्यावर फरशीवाल्याने टेबलावरची चावी चिमणीकडे सरकवली.

नंतरचा आठवडा मिस्त्रीने एकही पेटी उघडली नाही. जिथे जिथे पट्टी घातली होती त्या गाड्या शोधत फिरला आणि एकेक काढून घेतली. लोक हसले. बॅटरीवाल्याने विचारलं, भेट परत घेतात का कुठे? मिस्त्री म्हणाला, ही घेतात. त्या दिवसापासून तपासताना तो आधी ड्रायव्हरला चालवायला लावतो, स्वतः शेजारी बसतो, आणि हात वर करत नाही.

चिमणीने ती पिकअपमधली पट्टी मात्र मागून घेतली होती. द्या म्हणाली होती, तेव्हाही द्याच. मिस्त्रीला वाटलं, हे आता असंच राहणार. कार्ड दुरुस्त करता येतं, सगळं नाही करता येत. त्याने ते पचवायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी तो बहिणीकडे गेला. दाराबाहेर ती पट्टी पायपुसणं म्हणून अंथरली होती, गोल कडा पायरीबरोबर नीट जुळवून. ती ओलांडून तो आत पाऊल टाकणार, तेवढ्यात आतून भाचीचा आवाज आला.

'मामा, आधी पाय पूस. तू तसाच घुसतोस घरात.'

मिस्त्री मागे फिरला. त्याने दोन्ही पाय पुसले, एकदा पुसून झाल्यावर परत पुसले, आणि डोळ्यांतलं पाणी ओसरेपर्यंत तिथेच पुसत उभा राहिला.