धुळवडीला घातलेलं हेल्मेट

धुळवडीला आमच्या बिबवेवाडीत कोण रंगलंय आणि कोण रक्ताळलंय, हे कळायला जवळ जावं लागतं. त्या दिवशी दुपारपर्यंत सोसायटीच्या गच्चीवर दोन मारामाऱ्या झाल्या होत्या. पहिली पाण्याच्या टाकीवरून. तीत एकाचा चष्मा फुटला. दुसरी त्या चष्म्यावरून. दोन्ही मी पहिल्या रांगेत बसून पाहिल्या आणि तृप्त झालो.

जेवणं आटोपल्यावर मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, खराडीला आपल्या घरी निघाला. गच्चीवर त्याने एक ग्लास बिअर घेतली होती. एकच, पण चेहरा असा की पिंप रिकामं केलंय. त्याची कंपनी त्याला जर्मनीला पाठवणार होती आणि त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. सणाची नाकाबंदी चौकाचौकात लागलेली. एक केस झाली की जर्मनी बुडाली. बायकोने रिक्षाने जा म्हणून बजावलं, पण रिक्षावालेच रंगात होते. शेवटी तिने मला त्याच्या मागे बसवलं. मला गाडी येत नाही, त्यामुळे माझी नेमणूक निव्वळ साक्षीदार म्हणून.

निघताना त्याला युक्ती सुचली. माळ्यावरून त्याने माझं हेल्मेट काढलं. सक्ती होणार म्हणून घेतलेलं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं. पट्टा आवळत तो म्हणाला, "दाजी, सभ्य माणसाला कोण अडवतं?"

पहिल्याच चौकात अडवलं. हिरवी-जांभळी बोडकी डोकी ट्रिपल सीट बिनघोर निघून जात होती. हवालदारांनी बोट केलं ते नेमकं आमच्याकडे. पिकल्या मिशांचा, शांत माणूस.

"धुळवडीला पुण्यात हेल्मेट घालतो तो एकतर परगावचा, नाहीतर प्यालेला," ते म्हणाले. "आपण कुठले?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी सवयीने किल्लीला हात घातला. मेव्हण्याला वाटलं, त्या हाताबरोबर जर्मनी चालली. त्याने गाडी पिळली. गाडी उडाली, बॅरिकेड आडवं झालं, त्याखाली एक शिपाई आला आणि मी गटाराच्या कडेला जाऊन बसलो. हवालदारांनी मेव्हण्याची कॉलर धरली. त्याने हेल्मेट डोक्यावरून उपटलं आणि गोफणीसारखं फिरवलं. सुपारी फुटल्यासारखा आवाज आला.

मग काय वर्णावं! बॅरिकेडखालचा शिपाईसुद्धा लंगडत, काठी घेऊन हजर झाला. पोटऱ्या, पाठ, खांदे, एकही जागा उपाशी राहिली नाही. मी मध्ये पडायला गेलो तर प्रसाद मलाही मिळाला. मेव्हण्याचा ओठ उभा फाटला, भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. समोरच्या गॅलरीत बायका खुर्च्या घेऊन बसल्या होत्या. अशा प्रेक्षकांसमोर मार खाण्यातही एक शान असते.

दम लागल्यावर त्याला फुंकायला लावलं. फाटक्या ओठातून हवा निसटत होती, म्हणून दोनदा. शिपायाने मशीन हवालदारांपुढे धरलं. आकडा मर्यादेच्या आत होता.

हवालदारांनी रक्त थुंकलं, मशीनकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे.

"एवढ्यासाठी?"

बोलताना त्यांच्या जिभेला रिकामी जागा लागली असावी. त्यांनी खाली पाहिलं आणि सगळं खातं रस्त्यावर रांगत दात शोधू लागलं. गुलालात दात सापडणं सोपं नसतं. सापडला तो मेव्हण्यालाच. त्याने तो शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. डोळ्यांत असं आर्जव, की मीही देवाचं नाव घेतलं.

हवालदारांनी दात रुमालात बांधून खिशात ठेवला.

"पिण्याचं काही नाही," ते म्हणाले. "दाताचं मात्र लिहावं लागेल."

जर्मनीला कंपनीतल्या त्याच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी गेली.