लाटेने नेलं, असं मी म्हणालो

सुमन गेली त्याला दीड महिना झाला. पवनीच्या घरी मागच्या खोलीतली तिची खाट अजून तशीच आहे. उचलू म्हणतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. आजारी होऊन ती इथे परतली, चार महिने तिचं दुखणं काढलं, मग तेरवी, पाहुणे... आता अंगात काही उरलेलं नाही. तरी हे लिहून टाकतो, कारण तिच्याबद्दल मी वर्षानुवर्षं एक चुकीची तक्रार करत आलो.

सुमन माझी धाकटी बहीण. आम्ही ढिवर, बाबा तलावात जाळं टाकायचे. मी अड्याळच्या शाळेत मास्तर झालो, ती शिकत शिकत थेट कोकणात गेली आणि तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली. तिनं मला एकदाच समुद्रावर नेलं, पुन्हा कधी बोलावलं नाही. बहीण मोठी झाली, आता तिला भावाची लाज वाटते, असं मी चारचौघांत बोलून दाखवायचो.

तिचा जीव खडकांवरच्या समुद्रशेवाळात अडकला होता. दिवसरात्र लाटा आपटतात, तरी हे मऊ झाड टिकतं कसं, एवढाच तिचा प्रश्न. ओहोटीला ती मला खडकांवर घेऊन गेली आणि हातवारे करून सांगत राहिली. याला मुळं नसतात, बुडाशी एक चकती असते, तीच खडकाला धरून ठेवते. ताठ उभं राहिलं तर मोडेल, म्हणून ते पाणी जाईल तिकडे लोळतं, पानं मिटून अंग बारीक करतं, आणि पाणी परतलं की उलट्या बाजूला लोळतं. फारच वाढलं तर लाट वरचा भाग तोडून नेते, पण बूड राहतं, त्याला नवे फुटवे येतात. ओढ मोजणाऱ्या ताणकाट्याला दोरी बांधून ती एकेक झाड ओढायची आणि किती जोराला कुठून तुटलं ते वहीत लिहायची. मी नुसता मान हलवत होतो.

परतताना ती शेवाळावरून घसरली, कोपर सोललं. आमच्याकडे तलावाच्या पायरीवर कुणी घसरलं की घरच्यांनी आधी ते शेवाळ काढायचं, अशी रीतच आहे. दुसऱ्या दिवशी ती पुढे काम करत असताना मी तिची वाट साफ करायला घेतली. झाडांवर रंगीत दोरे दिसले, ते मला फाटक्या जाळ्याचे वाटले. उपटलं ते उपटलं, निघेना ते शिंपल्यानं खरवडलं, आणि सगळं पाण्यात लोटलं. ती आली आणि उभीच राहिली. कोणतं झाड किती दिवस टिकतं ते मोजायला तिनेच ते दोरे बांधले होते. तिचा चेहरा पाहून मी घाबरलो. म्हणालो, मोठी लाट आली, तिनं नेलं. ती "बरं" म्हणाली आणि वही बंद केली.

हे मी तिला शेवटच्या आठवड्यात, तिला पेज भरवताना सांगितलं. मनातून फार थकलो होतो, ते ओझं आणखी वागवणं होईना.

"मले तवाच समजलं होतं, भाऊ. लाटेनं नेलं असतं तं देठ तुटला असता, बुडं खडकाले राहिली असती. तू तं बुडासकट नेलं. शिंपल्याचे ओरखडे दिसून राहिले होते."

"मंग बोलली काहून नाही?"

"मी घसरली म्हणून तू केलं, ते बी दिसत होतं. वर्षाचं काम गेलं, ते मी पुन्हा केलं. पण तू खोटं बोलला... म्हणून तुले मंग कधी बोलावलं नाही."

मी माफी मागितली. तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. राग गेला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.