ग्रहण मी पाळलं होतं

"हिला जरा आत घेऊन जा गं. फोटो झाले की आण."

वहिनी हे हसत हसत म्हणाल्या. वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या साहेबांची बायको. इथे आखातात, रुवैसला त्यांच्या घरी चार-पाच बाळांचं बोरनहाण एकत्र होतं. माझी ओवी पाटावर. काळं झबलं, हलव्याचे दागिने. तिचा ओठ जन्मतःच फाटलेला. अबू धाबीला ऑपरेशन करून शिवला. पण तोंडातली टाळू अजून दुभंगलेली. म्हणून बाटलीतलं दूध नाकातून आलं, आणि शेजारच्या बाईने आपलं बाळ उचलून लांब बसवलं.

"फोटो इंडियाला सगळ्यांना जातात ना," वहिनी म्हणाल्या. मग हळूच, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?"

पाळलं होतं. सातवा महिना होता तेव्हा. ते ग्रहण इथून दिसणारही नव्हतं. तरी आईने फोनवर भारतातली वेळ सांगितली, तशी मी पडदे ओढून सरळ पडून राहिले. पाणी नाही, सुरी नाही, कूस बदलणं नाही. एवढं करून गुन्हेगार मीच.

नवऱ्याने दारातून खूण केली, जा. मी गेले.

बेडरूममध्ये ओवीचं नाक पुसलं. बाहेर चुरमुरे, बोरं ओतली जात होती, पोरांचा गलका चालला होता. ओवी दाराकडे हात करून हसत होती. तिला वाटत होतं, आपल्यालाही बोलावतील. मग मला रडू आवरेना.

ऑपरेशन करणाऱ्या इजिप्तच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ममा, ओठ पोटात पहिल्या दोन महिन्यांतच बनतो. यू डिड नथिंग. खलास." तेव्हा मी नुसती मान हलवली होती. पटलं ते त्या परक्या पलंगावर.

बाहेर आले. ओवीला मधोमध बसवलं.

"वहिनी, ही फोटोत असेल. चालत नसेल तर फोटो काढू नका."

चुरमुरे संपले होते. मी सतरंजीवरचे ओंजळीत गोळा केले आणि तिच्या डोक्यावर ओतले.

गाडीत नवरा म्हणाला, "उद्या साहेबांसमोर मला उभं राहायचंय."

"राहा," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात टाळूचं ऑपरेशन. मग स्पीच थेरपी, वर्षानुवर्षं. व्रण राहणारच. ती बोलेल तेव्हा लोक हसतील, आणि सगळीकडे मी पुरी पडणार नाही. हे दुःख जन्माचं आहे. पण माझ्या हातांनी तिला आत नेलं, ते एकदाच. यापुढे सांगणारा साहेब असो, नवरा असो, माझी आई असो. ती चारचौघांतच बसेल.