नावाखालची पहिली ओळ

लातूरला क्लासच्या गल्लीत एक टायपिस्ट बायोडाटा टाइप करून द्यायचा. नोकरी शोधत आलेल्या प्रत्येकाला तो ‘सर’ म्हणे, फडक्याने खुर्ची पुसून देई, तोंडात बडीशेप टाकी आणि मग विचारी, ‘‘सर, भूकंपात घरचं कोन गेलं?’’

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. एका क्लासला गणित शिकवायला अर्ज करायचा होता. पदवी, गुण, टिनाच्या शेडमधल्या शाळेत शिकवल्याचा अनुभव, सगळं नीट लिहून नेलं होतं. त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं, आई. छापलेला कागद हातात आला, तर नावाखाली पहिलीच ओळ: ‘आई भूकंपात मयत’. बी.एस्सी. त्याच्या खाली.

माझं डोकंच फिरलं. ‘‘हे काढा आधी.’’

‘‘राहू द्या की सर. डिग्रीवाले लई हायेत. हे वाचलं की साहेब लोक थांबतेत.’’

‘‘तिच्यामुळं मी शिकलो. तिच्या मरणावर नोकरी नाही मागायची मला.’’

‘‘तुमची मर्जी,’’ म्हणत त्याने ओळ काढून कागद पुन्हा छापला आणि माझीच कीव आल्यासारखी मान हलवली.

मुलाखतीला क्लासचे मालक खुर्चीत रेलून बसले होते. त्यांनी कागदावर माझ्या गावाचं नाव वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. ‘‘भूकंपात घरचं कोण गेलं?’’

‘‘सर, गणिताचं विचारा,’’ मी उभ्यानेच म्हणालो.

त्या टायपिस्टने निदान आधी खुर्ची पुसून दिली होती.