सुनावणीतली बाई
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला, की मला त्या बाईचा आवाज ऐकू येतो. कॅनडात आश्रय मागणाऱ्यांच्या सुनावण्यांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम मी जळगावातल्या एका ऑफिसात बसून करायचो. त्या दुपारी खिडकीखाली कुणीतरी भरताची वांगी भाजत होतं आणि धूर थेट आत येत होता. कानात एक बाई तिथे राहू द्या म्हणून विनवत होती. दुभाषा हिंदीत विचारायचा, ती अडखळत हिंदीत उत्तर द्यायची. मग तिला रडू फुटलं आणि ती एकदम आमच्या अहिराणीवर आली. "माले परत धाडू नका, तो माले मारी टाकी." दुभाष्याने अंदाजाने इंग्रजीत सांगितलं, "हिला परत जायचं नाही." मारण्याचं गळूनच गेलं. त्या दालनात ते कुणालाच कळलं नव्हतं, मला कळलं होतं. मी उठून साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, आपण इंग्रजी तेवढं टाइप करायचं. बाकीच्या जागी कंसात 'परभाषा' लिही. आणि गोपनीयतेच्या कागदावर सही आहे तुझी, घरीसुद्धा बोलू नको." संध्याकाळी फाइल गेली, नियमाप्रमाणे मी ती पुसूनही टाकली. त्या बाईचं पुढे काय झालं, कळलं नाही. काल आईने भरीत वाढलं आणि माझा हात ताटातच थांबला. "काय व्हयनं रे? माले सांग ना," ती म्हणाली. तिच्या ह्याच बोलीच्या जागी मी माझ्या हाताने लिहिलं होतं, परभाषा.